वाचकांचे प्रश्न : शुश्रूषा केंद्र कसे पारखावे?

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ती पुन्हा चालू शकली नाही आणि विसरभोळेपणाही वाढत चालला आहे. मी ठाण्यात नोकरी करते, भाऊ न्यू जर्सीत असतो. घरी चोवीस तासांची बाई ठेवून पाहिली, पण ब्युरोकडून येणारी माणसे टिकत नाहीत. आता बदलापूर आणि पनवेल परिसरातील दोन शुश्रूषा केंद्रे पाहून आले आहे. दोन्हीकडे स्वच्छता, बाग, देवघर आहे. एकाचे शुल्क मात्र दुसऱ्यापेक्षा महिना बारा हजारांनी जास्त आहे. भाऊ म्हणतो, ‘इकडे सरकारच नर्सिंग होमना तारे देते, तिथे निदान गूगलवरचे तारे पाहून ठरव.’ निवड कशावरून करावी?
— एक भगिनी, ठाणे

उत्तर : आपल्या बंधूंनी सांगितलेली पद्धत अमेरिकेत २००८ सालापासून चालू आहे. तेथील मेडिकेअर ही सरकारी यंत्रणा प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते आणि त्यासाठी तपासणी पथकांचे अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निर्देशक अशा तीन गोष्टी विचारात घेते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीची बरीचशी माहिती संस्थाच भरून देत असल्याने तिथेही नुसत्या ताऱ्यांवर विसंबून चालत नाही. आपल्याकडे अशी सरकारी प्रतवारी नाही. गूगलवरचे तारे देणाऱ्यांत संध्याकाळी तासभर भेटून गेलेली माणसेही असतात. पहाटे आपल्या माणसाचे अंथरूण कोणी आणि कधी बदलले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

कागदपत्रांपासून सुरुवात करावी, पण तिथेच समाधान मानू नये. स्वागतकक्षात चौकटीत लावलेले प्रमाणपत्र पुष्कळदा दुकाने व आस्थापना कायद्याखालचे, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ते असते, किंवा धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाच्या नोंदणीचे असते. दोन्ही आवश्यक असतील, पण शुश्रूषा कशी होते याच्याशी त्यांचा संबंध नाही. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार व शुश्रूषा दिली जाते, त्या जागेला महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. त्यामुळे नळीने अन्न देणे, लघवीची नळी सांभाळणे, इंजेक्शने देणे अशी कामे केंद्रात होत असतील, तर या कायद्याखाली नोंदणी आहे का आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे, असे सरळ विचारावे. ‘आमच्याकडे डॉक्टर व्हिजिटला येतात’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कुटुंबे नेमका तोच विचारायला संकोचतात : रात्री ड्युटीवर किती जण असतात? ‘आमच्याकडे एकूण अठरा कर्मचारी आहेत’ असे उत्तर मिळाले, तर त्यातून स्वयंपाकी, माळी, वाहनचालक, कार्यालयातील माणसे आणि त्या दिवशी सुटीवर असलेले वजा करावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर सतत दाब पडून त्वचेला जखमा होतात. एका वेळी, अंथरूण नीट करण्यासह, दोन माणसांची पाच मिनिटे सहज जातात. केंद्रात असे बारा रुग्ण असतील, तर प्रत्येक दोन तासांतला एक तास दोन माणसे केवळ याच कामात असतील. उरलेल्या तासात डायपर बदलणे, कोणाला पाणी देणे, कोणी पलंगावरून उतरू पाहत असेल तर धावणे. असे रुग्ण चोवीस असतील आणि रात्री दोनच मावश्या असतील, तर पूर्ण रात्र फक्त कूस बदलण्यात जाईल. प्रत्यक्षात ती जात नाही. कूस बदलणेच राहून जाते, आणि सकाळी तक्त्यावर एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, सलग सगळ्या वेळा भरलेल्या दिसतात. म्हणून दोन्ही केंद्रांत अंथरुणावरचे रुग्ण किती आणि रात्रीच्या मावश्या व मामा किती, हे दोन आकडे मागून घ्यावेत. त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती हे वेगळे विचारावे. जीएनएम हा तीन वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून ते पूर्ण केलेल्यांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. पांढरा गणवेश घातलेल्या प्रत्येकीला सर्वजण ‘सिस्टर’ म्हणतात, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

दुसरी भेट जेवणाच्या वेळी, न कळवता द्यावी. विस्मृती झालेली माणसे पुष्कळदा घास गालात धरून ठेवतात. गिळायला सांगावे लागते, थांबावे लागते. भरवणारी मावशी बाजूला बसून, रुग्णाची पाठ टेकवून उठते करून, तोंड रिकामे झाल्यावरच पुढचा चमचा देते की उभ्या उभ्या चार रुग्णांना पाळीपाळीने खिचडी भरवत पुढे सरकते, हे पाच मिनिटांत दिसते. ज्याचा हात ताटापर्यंत पोहोचत नाही, त्याचे ताट पायथ्याच्या टेबलावर झाकून ठेवलेले असेल आणि थोड्या वेळाने तसेच उचलले जात असेल, तर तिथला आहारतज्ज्ञाने आखलेला साप्ताहिक तक्ता कितीही सुरेख असला तरी त्याचा उपयोग नाही. नळीने अन्न देताना डोक्याकडील भाग ३० ते ४५ अंश उंच हवा आणि अन्न दिल्यावरही निदान अर्धा तास तसाच राहायला हवा; अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

वजनाची नोंद दरमहा होते का, हेही विचारावे. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाचे वजन कसे करता, या प्रश्नावर चाचपडणारे केंद्र बहुधा ते करत नसते. खुर्चीचा काटा नसेल तर निदान दंडाचा घेर मोजून ठेवता येतो. महिन्याभरात पाच टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण मानतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो.

वासाबद्दल थोडे सांगतो, कारण कुटुंबे नाकावर फार भरवसा ठेवतात. सकाळी सातला वास येणे स्वाभाविक आहे. त्या वेळी सर्वांचे डायपर बदलले जात असतात. अकरा वाजताही पॅसेजमध्ये तोच वास असेल, तर मात्र काम मागे पडते आहे असे समजावे. फिनेल आणि अगरबत्तीचा दरवळ दोन्ही वेळी सारखाच असेल, तर मला तरी त्याचे कौतुक वाटत नाही.

बारा हजारांच्या फरकाचा उलगडा करारनाम्यात सापडेल. दिवसाला चार डायपर धरले तरी महिन्याला एकशेवीस होतात. ते शुल्कात धरले आहेत की वेगळे, फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा, औषधे कोणाकडून, रुग्णालयात हलवावे लागले तर सोबत कोण जाणार आणि त्या काळात खाटेचे शुल्क पूर्ण लागणार का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, या सर्वांची उत्तरे लेखी घ्यावीत. हे सर्व मिळवल्यावर स्वस्त वाटणारे केंद्र महाग ठरू शकते. भेटीसाठी फक्त रविवारी चार ते सहा अशी वेळ असल्याचे जे केंद्र सांगते, ते मी निवडणार नाही. आधी महिनाभरासाठीच ठेवून पाहण्याची सोय असेल, तर ती अवश्य घ्यावी.

प्रश्न : वडिलांना पक्षाघातानंतर एका केंद्रात ठेवून पाच महिने झाले. माकडहाडाजवळ जखम दिसते आहे. केंद्रचालक म्हणतात, ‘वयोमानाने असे होतेच.’ शिवाय वडील हल्ली दिवसभर गुंगीत असतात. तक्रार कोठे करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तक्रारीआधी उपचार. बाहेरच्या डॉक्टरांना त्वरित नेऊन जखम दाखवावी आणि त्यांचा लेखी अभिप्राय घ्यावा. एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या अशा जखमेची सुरुवात बोटाने दाबल्यावरही फिकी न होणाऱ्या लालीने होते. सावळ्या त्वचेवर ती लाली चटकन दिसत नाही, तेव्हा तो भाग आजूबाजूच्यापेक्षा गरम किंवा टणक लागतो का, हे हाताने पाहावे लागते. माकडहाडाबरोबर दोन्ही टाचा, खुबे आणि पक्षाघात झालेल्या बाजूचा घोटाही तपासावा. फार क्षीण झालेल्या रुग्णाला उत्तम काळजी घेऊनही कधीकधी जखम होते, हे खरे आहे. परंतु ती प्रथम आपल्या नजरेस पडली असेल आणि केंद्राच्या नोंदीत तिचा उल्लेखच नसेल, तर वयाला दोष देणे पटण्यासारखे नाही. एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरली जाणारी गादी, दिला आहे, असेही कदाचित सांगतील. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, आणि त्याचा पंप चालू आहे का हेही पाहावे.

गुंगीसाठी औषधांचा तक्ता मागावा. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि कोणत्या तारखेपासून, हे त्यात असलेच पाहिजे. रात्री ओरडणाऱ्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठी मनोविकारांवरील औषधे देण्याची सवय काही ठिकाणी असते. विस्मृती झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. मात्र कोणतेही औषध आपण होऊन एकदम बंद करू नये. डॉक्टरांकडून फेरविचार करून घ्यावा. हात बांधून ठेवत असतील, तर तोही निर्णय कोणाचा आणि किती वेळासाठी, याची लेखी नोंद मागावी.

यानंतर केंद्रचालकांना तारखेसह लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. केंद्राची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी असेल, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि अन्यत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे तक्रार करता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. पैसे घेऊन सेवा दिली जात असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पालकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुख्यतः मुले व नातेवाईक यांच्या जबाबदारीविषयी आहे. आपल्या प्रकरणात त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

प्रश्न : केंद्रात सगळीकडे सीसीटीव्ही आहेत आणि मला मोबाइलवर दिसतात. तेवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. कॅमेऱ्यात पॅसेज आणि बैठकीची खोली दिसते. पाठीवरची त्वचा दिसत नाही. न्हाऊ घालताना किंवा डायपर बदलताना कॅमेरा चालू असणे तर मुळीच योग्य नाही, तो तसा असेल तर हरकत घ्यावी. रात्री खोलीत कोणी फेरी मारते का, एवढे मात्र त्यावरून पडताळता येते. हे चित्रण बहुधा ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते; म्हणून काही वावगे घडल्याची शंका आली, तर त्या तारखेचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.