परदेशी शेती संशोधनाला सरकार पैसे देतं, त्याचा कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडच्या मराठी शेतकऱ्याला काय उपयोग?

सोयाबीनचंच घ्या. श्रावण-भाद्रपदात झड लागली की पान उलटून बघा, बोटाला तपकिरी पूड लागते. तो तांबेरा, बुरशीचा रोग. आपल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात तो जरा जास्तच रमतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणाचा संकर परदेशातून आलेल्या वाणाशी केला आणि डीएसबी २१ हे वाण काढलं, ते तांबेऱ्याला सहजी बधत नाही. असं बाहेरचं बी थेट शेतात येत नाही. पिकांचं बी-वाण जपणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोत (एनबीपीजीआर) त्याची रोगकिडीची तपासणी होते, 'ईसी' म्हणजे परदेशी संग्रहाचा क्रमांक मिळतो, मग ते पैदासकाराच्या हाती. ही देवाणघेवाण सरकारी पैशावरच चालते.

सीजीआयएआर या शेती संशोधन केंद्रांच्या १९७१ च्या जागतिक जाळ्यालाही भारत निधी देतो. त्यातलंच इक्रिसॅट हे केंद्र १९७२ पासून हैदराबादजवळ पटनचेरूत आहे. त्याची पिकं: ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे आपल्याच ताटातलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. बियाण्याच्या पिशवीतलं माहितीपत्रक कन्नडमध्ये, आणि आमचे बाबा ते दुकानदाराकडून वाचून घेतात. तोही घाईत निम्मंच सांगतो.