सी किंग बचाव हेलिकॉप्टरचे सुटे भाग भोसरीत का करून घेता येत नाहीत?

आपण विचारले आहे की, समुद्रावरील शोध व बचावासाठी वापरले गेलेले सी किंग हे हेलिकॉप्टर इतके जुने आणि परिचित असूनही त्याचे सुटे भाग मिळणे अवघड का, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून ते का करून घेऊ नयेत. मी भोसरीतील एका कारखान्यात मशिनिंग केलेल्या भागांची गुणवत्ता तपासतो, म्हणून हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो.

आधी वंशावळ पाहू. मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीचा असून त्याचे पहिले उड्डाण १९५९ मध्ये झाले. ब्रिटनच्या वेस्टलँडने परवाना घेऊन केलेले सी किंग १९६९ मध्ये उडाले आणि त्याची रोल्स-रॉइस इंजिनेही जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्यावरच बेतलेली होती. त्यामुळे खरेदी ब्रिटनकडून झाली, तरी नाळ अमेरिकेशी जोडलेली राहिली. आपल्या नौदलात ही हेलिकॉप्टरे १९७१ पासून होती. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेचे निर्बंध आले, सुटे भाग अडले आणि त्यांतील बरीच जमिनीवर उभी राहिली.

आता कारखान्याकडे येतो. एखादा गिअर किंवा शाफ्ट मोजून, मायक्रॉनमध्ये अचूक, आपल्याकडे नक्कीच करता येईल. परंतु मूळ आराखडा, पोलादाची प्रत, उष्णोपचाराची पद्धत आणि उत्पादनाची मान्यता परवानाधारकाकडे असते, आणि त्याशिवाय तो भाग उड्डाणासाठी ग्राह्य धरला जात नाही. आमच्याकडे एकदा मापाला चोख असलेला शाफ्टचा पूर्ण लॉट मी नाकारला, कारण त्यावरील हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतून आले, तो क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळत नव्हता. पुरवठादार फार नाराज झाला, पण आजही मी तेच करीन. रोटरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या पंख्याच्या, कित्येक भागांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत ठरलेले असते आणि किती तास संपले, हे धातूकडे पाहून कळत नाही, ते केवळ नोंदपत्रावरून कळते. सिकोर्स्कीच्या मूळ धातूच्या पात्यांतील पोकळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असे. तडा गेला की दाब उतरून निदर्शकाचा रंग बदले. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्याची एवढी धास्ती होती! त्यातच खाऱ्या पाण्याचे तुषार इंजिनात जात असल्याने समुद्रावर खालून उडून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवावे लागते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा नौदलाच्या बचावकार्यात सी किंगही होती. अशा वेळी विंचच्या दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाचा सगळा भार इंजिनाची ताकद रोटरला पोचवणाऱ्या वरच्या गिअरबॉक्सवर असतो.

ब्रिटनने २०१८ पर्यंत आणि जर्मनीने २०२४ मध्ये ही हेलिकॉप्टरे निवृत्त केली. अशा निवृत्त विमानांतून काढलेले भाग बाजारात येतात, पण उपयोगाचे तेच, ज्यांची नोंद अखंड आहे. आपल्या हाती कागद नसलेला एखादा भाग आलाच, तर तो पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाला द्यावा. कापून उघडलेला गिअरबॉक्स मुलांना फार शिकवून जातो.