दोन सर्व्हर, आयपी एकच

प्रश्न : लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) उबुंटू सर्व्हर टाकला आणि त्याचाच क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून दुसरा केला. नॅट या मूळ नेटवर्क सेटिंगवर दोघांनाही १०.०.२.१५ हा आयपी दिसायचा, म्हणून दोन्ही ब्रिज्ड केले, म्हणजे थेट घरच्या राउटरच्या नेटवर्कवर आणले. आता दोघांना १९२.१६८.१.३७ मिळतो. एसएसएच (दुरून लॉगिन) मध्येच तुटतं, कधी भलत्याच सर्व्हरवर लॉगिन होतं. क्लोन करताना मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे नंबर) नवे घेतले होते, ते वेगळेच आहेत. मित्राच्या घरी हेच सगळं नीट चाललं, त्यामुळे तो म्हणतो राउटर बदल. बदलू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. राउटर नियमाने वागतोय.

नॅटवर दोघांना १०.०.२.१५ मिळणं हा बिघाड नव्हताच. साध्या नॅटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला स्वतंत्र नेटवर्क देतो. पत्ता तोच, गेटवेही तोच १०.०.२.२, पण दोघांची गाठच पडत नाही, मग भांडण कुठलं?

खरी गोम ब्रिज्डमध्ये आहे. मॅक वेगळा असला की आयपीही वेगळाच, हे लॅबमध्ये मुलंही मला ठासून सांगतात. पण उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे (राउटरमधल्या आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागताना मॅकसोबत एक क्लायंट आयडीही पाठवतो, आणि तो तयार होतो ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘मशीन-आयडी’ या फाईलवरून. क्लोनमध्ये ती फाईल जशीच्या तशी उतरली. दोन भाऊ एकच रेशनकार्ड घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार काय करणार? १९९७ च्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या नियमपत्रातच म्हटलंय की क्लायंटने असा आयडी दिला तर सर्व्हरने तोच धरायचा. काही राउटर तरीही फक्त मॅक बघतात. मित्राकडचा बहुधा तसला असणार.

दोन्हीकडे ती फाईल ‘कॅट’ कमांडने उघडून बघा. ३२ अक्षरांची एकच ओळ असते. तंतोतंत जुळली की चोर सापडला.

आता दुरुस्ती. क्लोनवर एसएसएचने जाऊ नका, कुठल्या मशीनवर पोहोचाल त्याचा भरवसा नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतूनच लॉगिन करा. ‘सुडो ट्रंकेट’ने फाईल शून्य बाइटची करा. डिलीट करू नका, रिकामी ठेवायची. रीबूट केलं की सिस्टिमडी (उबुंटू सुरू करणारा प्रोग्राम) नवा आयडी स्वतःच भरतो. त्याआधी ‘व्हार-लिब-डीबस’मधली याच नावाची फाईल बघून घ्या. ती सहसा नुसती लिंक असते. वेगळी प्रत असेल तर तीही काढा, नाहीतर तिच्यातला जुना आयडी परत येतो.

नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये इंटरफेसखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर : मॅक’ लिहिलं तरी आयपी वेगळे मिळतात. नेटवर ही युक्ती जास्त सापडते. मला ती अर्धवट वाटते, कारण मशीन-आयडी इतर सेवाही वापरतात आणि तिथे दोघं जुळेच राहतात.

भलत्या सर्व्हरवर लॉगिन होताना एसएसएचने एकदाही धोक्याची सूचना दिली नसेल. होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यासुद्धा क्लोन झाल्यात ना! क्लोनवरच्या ‘ईटीसी-एसएसएच’मधल्या ‘एसएसएच_होस्ट_’ने सुरू होणाऱ्या फाईली काढा आणि ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’वर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ चालवा. नंतर क्लोन जुन्याच आयपीवर आला तर लॅपटॉप होस्ट की बदलल्याची ओरड करेल. ‘एसएसएच-कीजेन’ला कॅपिटल ‘आर’ आणि तो आयपी देऊन जुनी नोंद पुसा.