बाबांच्या शर्टाची गोष्ट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्या पानावर तीनदा लिहिलंयस की मला आता लहान समजू नका, आणि बाबांच्या शर्टाची गोष्ट मात्र शेवटी, बारीक अक्षरात. मी ती आधी वाचली.

कुणी सांगितलं नसताना घरच्यांच्या कपड्यांना इस्त्री करायला घेतलीस, ते मला फार आवडलं. इस्त्रीचा काटा सुतीवर होता आणि शर्ट पॉलिएस्टरचा. सुती कापड जास्त उष्णतेने करपतं, पॉलिएस्टर वितळतं, म्हणून तो तुकडा इस्त्रीच्या तळाला चिकटून आला. पुढच्या वेळी आधी कॉलरच्या आतली पट्टी वाच. काटा सगळ्यात कमीवर ठेव आणि शर्टाच्या खालच्या कडेला आतून टेकवून बघ. झालं. ही चूक एवढीच होती, आणि ती तू परत करणार नाहीस याची मला खात्री आहे.

माझा जीव अडकलाय तो पुढच्या तीन दिवसांत. शर्ट घडी घालून कपाटात तळाशी ठेवलास. तो सापडला तेव्हा बोलणी धाकट्याने खाल्ली, आणि तू दारात उभी राहून ऐकत होतीस. "माझ्या तोंडातून शब्दच फुटेना," असं लिहिलंयस. मला ते पटतं. तुझ्या वयाची असताना प्रगतिपुस्तकावर तुझ्या आजीची सही मीच ठोकली होती. पकडली गेले नाही. पण पुढे दोन आठवडे दाराची कडी वाजली की पोटात गोळा यायचा. शेवटी मीच आईला सांगितलं. ती खूप रागावली, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तुला मोठं व्हायची घाई आहे, ती असू दे. फक्त उशिरा झोपायची परवानगी, स्वतःचा फोन, एकटीने बाहेर जाणं यांतच मोठेपण आहे असं धरून बसू नकोस. ते सगळं वयाबरोबर आपोआप मिळतं, न शिकणाऱ्यालाही मिळतं. आपण बिघडवलेलं कुणी विचारायच्या आत आपल्या तोंडाने सांगणं तसं मिळत नाही. पन्नाशी उलटलेली माणसंही तिथे गडबडतात, मी पाहिलीत. तुला ते आत्ता, या वयात करता येईल.

चालायला शिकणाऱ्या बाळांचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांची मुलं खेळताना पाहिली आणि त्यांची पावलं मोजली. तासाला सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं! तूही अशीच धपाधप पडायचीस. पडलीस की आधी आमच्या तोंडाकडे बघायचीस. आम्ही हसलो की लगेच उठायचीस, घाबरलो की भोकाड पसरायचीस. आजही तू तेच करतेस, आधी समोरच्याचा चेहरा वाचतेस आणि मग ठरवतेस की सांगायचं की नाही. ही एक सवय सोड. समोरचा रागावेल, रागावू दे. बाबांचा राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे त्यांची बहीण सांगतेय.

आता करायचं काय? आधी धाकट्याकडे जा. "चुकून झालं," असं म्हणू नकोस. त्याला सांग, "शर्ट मी जाळला, बोलणी तुला बसली आणि मी गप्प राहिले." तो रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. त्याला मनवायला काही देऊ नकोस, थांब. मग दोघं मिळून बाबांकडे जा, पण बोलायचं तू.

झालं की मला लिही, सविस्तर. आणि हो, इस्त्रीच्या तळाला तो तुकडा अजून चिकटलेला असेल, तर तो निघेपर्यंत दुसरा कपडा तिच्याखाली घेऊ नकोस. बाबांनाच विचार कसा काढायचा ते.

तुझी,
आत्या