दखल घेण्याआधीची सुनावणी
ताई, तुम्हाला कोर्टाकडून आलेला हा कागद समन्स नव्हे, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम 223 ची नोटीस आहे. खासगी तक्रारीत, म्हणजे कुणी थेट कोर्टात केलेल्या तक्रारीत, दंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्याआधी (प्रकरण पुढे चालवायला घेण्याआधी) ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकायचं, हे 1 जुलै 2024 पासून, बीएनएसएस लागू झाल्यावर आलं. नोटिशीला तक्रारीची प्रत आणि तक्रारदाराचा शपथेवरचा जबाब जोडलाय का बघा. नसेल तर वकिलांना पहिल्याच तारखेला मागायला सांगा. मग पेन्सिल घेऊन बसा. तारीख, ठिकाण, रक्कम जिथे जुळत नाही, तिथे खूण. माझ्या वेळी मी तर कोर्टात सगळी रामकहाणीच सांगायला निघालो होतो. वकिलांनी मागून शर्ट ओढला! या सुनावणीत साक्षीपुरावे होत नाहीत, तक्रारीच्या मजकुरातून गुन्हा दिसतो का एवढंच मुख्यतः बघतात. आणि तक्रारदाराला फोन करून समजूत घालायला अजिबात जाऊ नका, त्याचंच रेकॉर्डिंग पुढे येतं.