गच्चीवरचे ऊन आणि नगररचनेचे नियम

सौरऊर्जेसंबंधी नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रांत अनुदान किती मिळेल, हे विचारलेले आहे आणि त्याची माहिती आता कोणताही पुरवठादार देतो. जागेचा विकास आराखड्यातील विभाग (झोन) कोणता, नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी संस्था, कोणते आणि पॅनेलखालच्या सांगाड्याला नियमावलीत स्थान काय, हे मात्र पुरवठादार सहसा विचारत नाहीत. त्यामुळे त्या अंगाने विचारलेले प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : इंदिरानगरमध्ये आमचा दुमजली बंगला आहे. ३ किलोवॉटची यंत्रणा बसवायची आहे. वाळवणे, कपडे यांसाठी गच्ची मोकळी राहावी म्हणून पुरवठादार नऊ फूट उंच लोखंडी सांगाडा सुचवतो. पुढे त्याला बाजूने पत्रे लावता येतील, असेही तो म्हणतो. महावितरणची मंजुरी मिळाल्यावर महापालिकेकडे जाण्याची गरज नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

बरोबर नाही, कारण या दोन मंजुऱ्या वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. महावितरण यंत्रणा वीजजाळ्याला जोडण्यापुरता विचार करते. २०२४ मधील दुरुस्तीनंतर १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट उरलेली नाही. त्यामुळे ते काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे आणि त्यातूनच ‘सगळे काही मंजूर झाले’ असा समज पसरतो. गच्चीवर काय उभे राहते, हा विषय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यांच्या कक्षेत येतो आणि नाशिक शहरात त्याची अंमलबजावणी महापालिकेचा नगररचना विभाग करतो.

या नियमावलीने घरमालकाला पुरेशी मोकळीक दिली आहे. पॅनेलचा तळ गच्चीच्या पातळीपासून १.८ मीटरपर्यंत असेल आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरने स्थैर्याची खात्री दिली असेल, तर त्यासाठी स्वतंत्र बांधकाम परवानगी लागत नाही. १.८ मीटर म्हणजे सुमारे सहा फूट. तेवढ्या उंचीखाली वाळवण घालता येते आणि सरासरी उंचीचा माणूस वावरूही शकतो. नऊ फुटांचा सांगाडा या सवलतीच्या बाहेर जातो. तो हवाच असेल, तर वास्तुविशारदामार्फत सुधारित नकाशासह महापालिकेकडे अर्ज करून परवानगी घेणे हाच मार्ग आहे.

बाजूच्या पत्र्यांविषयी अधिक स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. चारही बाजूंनी उघडा सांगाडा हा पॅनेलचा आधार असतो. त्याला पत्रे आणि दार लागले की ती छताखालची बंदिस्त जागा होते, तिचे क्षेत्र चटई क्षेत्रात, म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्रात, मोजले जाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि मंजूर नकाशात ती नसल्यामुळे अनधिकृत बांधकामाची नोटीस येऊ शकते. शहरातील अनेक गच्च्यांवर सौर पॅनेलच्या आडून एक जादा खोली उभी राहिलेली दिसते. शेजाऱ्याने तक्रार करेपर्यंत ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, एवढेच.

स्थैर्याचा दाखला केवळ कागद म्हणून घेऊ नये. भारतीय मानकानुसार नाशिकसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. सांगाडा जितका उंच, तितकी वाऱ्याची उचल आणि पायथ्यावरचा ताण अधिक. इंजिनियरने पाया स्लॅबमधील तुळयांवर आणि खांबांवर येईल असे पाहिले आहे का, नांगरबोल्टसाठी छिद्रे पाडल्यावर वॉटरप्रूफिंग पुन्हा कोण करून देणार आहे, हे करारात लिहून घ्यावे. ३ किलोवॉटसाठी साधारण तीनशे चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि नाशिकचे अक्षांश २० अंश असल्याने पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढ्याच कोनात झुकवतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. उंच सांगाड्याचा वाढीव खर्च त्यातून निघेल, असे गृहीत धरू नये.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या २८ सदनिकांच्या संस्थेला लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी गच्चीवर पॅनेल बसवायचे आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदस्य गच्ची आपली असल्याचे सांगतात. इमारतीचे कन्व्हेयन्स (जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून देणे) अद्याप झालेले नाही.

वरच्या मजल्यावर राहिल्याने गच्चीची मालकी येत नाही. त्या सदस्यांच्या नोंदणीकृत करारात लगतची ठरावीक गच्ची दिलेली असेल, तर तेवढ्यापुरता त्यांचा हक्क तपासावा लागेल. सर्वांत वरची सामाईक गच्ची सर्वांची असते. आपली इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर १९७० च्या त्या कायद्यात छताचा समावेश सामाईक क्षेत्रात केलेला आहे आणि घोषणापत्रात त्याचा उल्लेख सापडेल. सहकारी संस्था असेल, तर सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय स्पष्टपणे घेऊन ठराव करावा. समितीच्या बैठकीतील मंजुरीवर थांबू नये.

आपल्या पत्रातील खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. कन्व्हेयन्स झाले नसेल, तर जमीन कागदोपत्री अजून विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते आणि शासनाला अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) आणून आणखी एखादा मजला चढवण्याचा विचार त्याच्या मनात असू शकतो. सदनिका खरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या मोफा कायद्याचे कलम ७ आणि रेरा कायद्याचे कलम १४ यांनुसार सदनिकाधारकांच्या संमतीविना त्याला तसे करता येत नाही. तरीही पंचवीस वर्षे टिकणारी यंत्रणा अशा अनिश्चित छतावर बसवण्यापूर्वी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहीविना कन्व्हेयन्स मिळण्याचा, अर्ज दाखल करावा, असे आमचे मत आहे. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेतून काढून त्यात वरच्या मजल्यांचा प्रस्ताव आहे का, हेही पाहून घ्यावे.

गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी सूर्यघर योजनेत प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान असून प्रत्येक घरामागे ३ किलोवॉट या हिशेबाने आपली मर्यादा ८४ किलोवॉट येते. प्रत्यक्षात एवढी यंत्रणा आपल्याला बसवता येणार नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये (जाळ्याला दिलेली वीज वापरातून वजा करून बिल येण्याच्या पद्धतीत) यंत्रणेची क्षमता त्या मीटरच्या मंजूर भारापेक्षा जास्त असू शकत नाही. पॅनेलची मांडणी करताना जिन्याचे दार, पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांकडे जाणारी वाट रुंद व मोकळी ठेवावी. आगीच्या वेळी हीच गच्ची रहिवाशांच्या उपयोगाची असते.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या दक्षिणेला जुना बंगला पाडून २४ मीटर उंच इमारत होत आहे. दोन वर्षांपूर्वी बसवलेले पॅनेल सावलीत जातील. कायदेशीर दाद मागता येईल का?

पॅनेलवरील उन्हासाठी दाद मिळणे कठीण आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड आणि हवा यांचा हक्क आहे. पण तो एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंडपणे मिळत आलेल्या उजेडाविषयी आहे. उघड्या गच्चीवरील यंत्रणेला दिवसभर ऊन मिळावे, असा हक्क त्यातून निघत नाही आणि दोन वर्षे ही मुदतही पुरेशी नाही.

सामासिक अंतराचा, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेचा, नियम किती उपयोगी पडतो, ते मोजून पाहता येते. नियमावलीनुसार अशा इमारतीला बाजूने उंचीच्या एक-पंचमांश, म्हणजे ४.८ मीटर जागा सोडावी लागते. २२ डिसेंबरच्या सुमारास नाशिकमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. आपली गच्ची ७ मीटरवर धरली, तर उरलेल्या १७ मीटर उंचीची सावली आपल्या गच्चीच्या पातळीवर सुमारे १६ मीटर लांब पडेल. शेजाऱ्याचे ४.८ मीटर आणि आपल्या बाजूचे दीड-दोन मीटर वजा केले, तरी नऊ-दहा मीटर गच्ची झाकली जाते, आणि हे माध्यान्हीचे गणित आहे. सकाळ-संध्याकाळची सावली याहून लांब असते. जूनमध्ये मात्र माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असल्याने ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. हे अंतर हवा आणि उजेड खेळता राहावा म्हणून ठरवलेले आहे. विजेचा विचार त्यामागे नाही आणि गच्च्यांवर वीज तयार होऊ लागल्यानंतरही तो झालेला नाही, ही नियमावलीतील उणीवच म्हणावी लागेल.

आता करण्यासारखे एवढेच, की पॅनेल गच्चीच्या उत्तर कडेला हलवावेत आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावावा, म्हणजे एका पॅनेलवरील सावलीने संपूर्ण रांग मंदावणार नाही. नव्याने यंत्रणा बसवणाऱ्या इतर वाचकांनी दक्षिणेकडील भूखंडाचा भाग नकाशा (विकास आराखड्यातील त्या भागाचा उतारा) आधी पाहावा. किती चटई क्षेत्र मिळणार, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. त्यामुळे रुंद रस्त्यावरचा जुना बंगला पुढेही बंगलाच राहील, असे समजू नये.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातील माझी चार एकर कोरडवाहू जमीन एक कंपनी सौर प्रकल्पासाठी तीस वर्षांच्या भाड्याने मागत आहे. जमीन शेती विभागात आहे. चालेल का?

विभागाच्या दृष्टीने चालू शकते. शेती विभागात अपारंपरिक स्रोतांपासून वीजनिर्मिती हा अनुज्ञेय वापर आहे आणि पॅनेलखालचे क्षेत्र चटई क्षेत्रात मोजले जात नाही. तरीही केवळ सातबारा पाहून सही करू नये. संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून त्या गट क्रमांकाचा झोन दाखला घ्यावा आणि नियोजित रस्ता किंवा आरक्षण गटातून जात नाही ना, हे पाहावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय भाडेपट्टा करू नये. दिंडोरी, पेठ, सुरगाणा या भागांतील वाचकांनी हेही लक्षात ठेवावे, की आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला भाडेपट्ट्याने देण्यासही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वमंजुरी लागते.

भाड्याची तुलना करण्यासाठी एक शासकीय दर उपलब्ध आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १.२५ लाख रुपये भाडे असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. तेव्हा आपली जमीन कंपनीच्या दृष्टीने जेमतेम पुरेशी आहे आणि वीज उपकेंद्र जवळ नसेल, तर तिची मागणी पुढे ढिली पडू शकते. काम सुरू झाले नाही तर करार किती महिन्यांत आपोआप संपेल, अकृषिक आकार कोण भरेल आणि मुदतीनंतर काँक्रीटचे पाये कोण उपटून देईल, ही तीन कलमे नसतील तर सही करू नये.

प्रश्न : पंचवटीत नदीजवळ आमचा जुना सागवानी वाडा आहे. कौलांवर पॅनेल बसतील का?

कौलारू छपरावर बसवू नयेत. अशा वाड्यांचे वासे आणि कैच्या कौलांच्या भाराचा विचार करून केलेल्या असतात. वाऱ्याने वर उचलणाऱ्या पॅनेलचा ताण त्यांना सोसत नाही. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस असेल, तर आधी तिची पूर्तता करावी. सुंदरनारायण मंदिरासारखे संरक्षित स्मारक जवळ असल्यास पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारणा करावी. केंद्र संरक्षित स्मारकांबाबत, उदाहरणार्थ पांडवलेणी, पहिल्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढील २०० मीटरांत पूर्वपरवानगीने शक्य, असा कायदा आहे.

पुनर्बांधणी करणार असाल, तर गोदावरीची निळी (नेहमीच्या मोठ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची) पूररेषा आपल्या मिळकतीवर कोठे येते, ते नकाशावर पाहून घ्यावे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळाली, तरी इन्व्हर्टर आणि मीटर तळमजल्यावर ठेवू नयेत. २०१६ आणि २०१९ मध्ये गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा पाणी कोठवर आले होते, हे आपल्या गल्लीतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल.

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीतील शेड आणि देवळाली कॅम्पमधील घर या दोन्हींसाठी नाशिक महापालिकेकडेच अर्ज करायचा का?

दोन्हींसाठी नाही. सातपूर वसाहतीत नियोजन प्राधिकरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आहे आणि त्याची विकास नियंत्रण नियमावली वेगळी आहे. देवळाली कॅम्पमध्ये छावणी परिषदेकडे जावे. तेथे घराची जमीन कोणत्या हक्काने धारण केलेली आहे, याची कागदपत्रे अर्जासोबतच मागितली जातात.