खांब जागेवर, पाणी वरखाली: इंपीडन्सच्या धास्तीबद्दल

"ओहमचा नियम येतो हो, पण ते 'जे' दिसलं की हात गार पडतात." हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा देऊ पाहणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. (इंपीडन्स म्हणजे बदलत्या प्रवाहाला सर्किटचा होणारा एकूण अडथळा; 'जे' हे तो लिहिताना येणारं अक्षर.)

त्यांतलेच एक गृहस्थ श्रीवर्धनकडचे, चाळिशीचे, व्यवसायाने वायरमन. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात वीज गेली, मोबाइल मुके झाले, तेव्हापासून घरात वायरलेस सेट हवा हे त्यांनी मनात घेतलेलं. माझ्याकडे शिकायला त्यांच्या तीन बैठका झाल्या. पहिली बरीचशी धीर देण्यातच गेली.

मग मी गणित दिलं: ४० ओहमचा रेझिस्टर, १ मायक्रोहेन्रीची कॉइल, ३०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, तिन्ही सिरीजमध्ये, फ्रिक्वेन्सी ७.१ मेगाहर्ट्झ. ते पहिल्याच पायरीला दहाच्या उणे बाराव्या घातात बुडाले. निम्मी भीती असते ती या शून्यांची. म्हणून एकक बदलायचंच नाही. कॉइलच्या अडथळ्यासाठी ६.२८ गुणिले मेगाहर्ट्झ गुणिले मायक्रोहेन्री: ४४.६ ओहम. कपॅसिटरसाठी मेगाहर्ट्झ आणि पिकोफॅरडच्या गुणाकाराने १,५९,१५५ ला भागायचं: ७४.७ ओहम.

इथवर बरोबर. पुढे त्यांनी तिन्ही आकडे बेरजेला लावले. १५९.३! जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. मी चूक दाखवली नाही, आलेखाचा कागद पुढे सरकवला. माझा भर आधीपासून यावर आहे: घाबरलेल्या माणसाला समजावत बसू नये, त्याच्या हाताला काम द्यावं.

"एक चौकोन दहा ओहम. रोध उजवीकडे. कॉइल वर, कपॅसिटर खाली. चाळीसवर जा, ४४.६ चढा, तिथून ७४.७ उतरा. कुठे आलात?"

"तीस खाली."

"तेच ४० उणे जे ३०. 'जे' म्हणजे फक्त उभी दिशा."

ते काही बोलले नाहीत. मग मी फ्रिक्वेन्सी वाढवायला सांगितली. ९.१९ मेगाहर्ट्झला कॉइल ५७.७, कपॅसिटरही ५७.७, बिंदू आडव्या रेषेवर. १२ मेगाहर्ट्झला तो ३१ वर. तिन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत पाहून ते थबकले.

"हा तर जेट्टीचा खांब! खांब जागेवर, पाणी वरखाली."

मी कित्येक वर्षं काटकोन त्रिकोणानेच सांगत आले होते. खांब त्यांचा, पण सूत्राआधी कागद देण्याचा हट्ट माझा, एवढं श्रेय मी घेते. (समांतर जोडणीत हा खांबही सरकतो; ते प्रकरण सिरीज हातात बसल्यावरच उघडावं.)

शून्यापासून बिंदूपर्यंतची लांबी, म्हणजे इंपीडन्स किती ओहम, आता सोपी: ४० चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, वर्गमूळ ५०. कोन उणे ३७ अंश. कोनाचं उत्तर ०.६४ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. लांबी रोधापेक्षा कमी किंवा दोन्हींच्या बेरजेपेक्षा, म्हणजे ७० पेक्षा, जास्त आली तर आकडेमोड चुकली. आणि चिन्ह आधी ठरवा: कपॅसिटर वरचढ असेल तर बिंदू खालीच. बहुतेक गुण इथेच जातात.

तिसऱ्या बैठकीला ते आले ते प्रश्न घेऊनच. "मॅडम, हे सर्किट म्हणजे अँटेना धरली, तर लांबी ५० आली. केबल ५० ओहमची. म्हणजे अँटेना जुळली ना?"

"बिंदू कुठे आहे?"

त्यांनी कागद पाहिला. "खाली."

जुळणी हवी तर बिंदू आडव्या रेषेवर, बरोबर ५० वर हवा. ४० उणे जे ३० ला एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप; पूर्ण जुळली तर १) २ येतो, लांबी कितीही पन्नास दिसो.

त्यांनी बिंदूपासून तीन चौकोन वर बाण काढला, ३० ला ६.२८ आणि ७.१ ने भागलं. "०.६७ मायक्रोहेन्रीची आणखी एक कॉइल सिरीजमध्ये. मग उरले नुसते ४०. एसडब्ल्यूआर सव्वा. चालेल?"

चालेल म्हटलं.